बारावीचे भौतिकशास्त्र ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांची तयारी: सहा आठवड्यांचा आराखडा

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना ऑनलाइन अध्यापनाचे जे प्रशिक्षण मिळाले, ते बटणांचे होते. मीटिंग कशी सुरू करायची, लिंक कुठे टाकायची, स्क्रीन शेअर कशी करायची आणि हजेरी कशी घ्यायची, एवढे एका दुपारी सांगून झाले आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू झाले. त्या घाईत याहून वेगळे काही शक्यही नव्हते. आता मात्र तशी घाई नाही आणि गरज मात्र उरलेली आहे. एका तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची जागा रिकामी असते, शेजारच्या तालुक्यात वीस वर्षे हा विषय शिकवणारे सर असतात आणि दोन्हीकडच्या मुलांना बोर्डाची एकच प्रश्नपत्रिका सोडवायची असते. अशा ठिकाणी ऑनलाइन तास ही तात्पुरती सोय राहत नाही, ती वर्षभराची व्यवस्था होते, आणि तिच्यासाठी शिक्षकांची तयारीही तितक्याच गांभीर्याने करून घ्यावी लागते.

हा लेख अशी तयारी करून घेणाऱ्या विभागप्रमुखांसाठी, पर्यवेक्षकांसाठी किंवा ज्येष्ठ शिक्षकांसाठी आहे. सहा ते दहा शिक्षकांचा गट आणि सत्र सुरू होण्यापूर्वीचे सहा आठवडे गृहीत धरले आहेत. उदाहरणे माझ्या विषयाची, म्हणजे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राची आहेत; गणित आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकांना थोडा फेरफार करून ती वापरता येतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचा सगळा आराखडा तिच्यावर उभा आहे. अनुभवी शिक्षक वर्गात बोलत असतो तेव्हा त्याची नजर सतत फिरत असते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीची पेन्सिल थांबली, मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, कुणी आकृतीतला बाण उलटा काढला, हे सारे तो पाहतो आणि न ठरवता पुढचे वाक्य बदलतो. ऑनलाइन तासात हे पाहणेच बंद होते. विषयाचे ज्ञान तेवढेच असते, फळ्याऐवजी कागद किंवा टॅबलेट येतो, पण समोरच्याच्या डोक्यात काय चालले आहे हे कळण्याची वाट बुजते. ती वाट पुन्हा उघडणे हा या तयारीचा गाभा आहे, आणि म्हणून साधनांची ओळख पहिल्या आठवड्यात न ठेवता मी ती मुद्दाम चौथ्या आठवड्यात ठेवली आहे.

सुरू करण्यापूर्वी: काय शिकवायचे आणि कशासाठी

गट पहिल्यांदा एकत्र बसेल तेव्हा अभ्यासक्रम कोणत्या परीक्षेसाठी शिकवला जाणार आहे याबद्दल एकवाक्यता करून घ्यावी. बारावीच्या भौतिकशास्त्राचे बोर्डाचे १०० गुण म्हणजे ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक. लेखी परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न १० गुणांचे असतात. उरलेले सगळे गुण हाताने लिहिलेल्या उत्तरांना, सिद्धतांना, आकृत्यांना आणि गणितांना मिळतात. याउलट एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा संगणकावर होते, गणित गटात (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) १८० मिनिटांत १५० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि सुमारे ८० टक्के भर बारावीवर, तर २० टक्के अकरावीवर असतो. जेईई मेनमध्ये चुकलेल्या पर्यायाला एक गुण कापला जातो. तिन्हींसाठी एकाच तासात शिकवण्याचा प्रयत्न केला, तर तास कोणत्याच परीक्षेचा राहत नाही. माझा आग्रह असा की थेट तास बोर्डाच्या पातळीवर, संकल्पना आणि सिद्धता यांसाठी ठेवावेत, आणि स्पर्धा परीक्षांचा सराव मुलांनी आपापल्या वेळेत सोडवायच्या प्रश्नसंचांतून करून घ्यावा.

त्याच बैठकीत तासांची संख्याही ठरवावी. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांमध्ये नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त चार सत्रे आणि प्रत्येक सत्र ३० ते ४५ मिनिटांचे, अशी मर्यादा सुचवलेली होती. ती मर्यादा मला आजही योग्य वाटते, आणि चार सत्रांमध्ये सगळे विषय धरायचे आहेत हे लक्षात घेतले, तर भौतिकशास्त्राच्या वाट्याला रोज ४० मिनिटांचा एकच तास येतो.

पहिला आठवडा: अडखळण्याच्या जागांची नोंद

पहिल्या आठवड्यात संगणकाला हात लावायचा नाही. प्रत्येक शिक्षकाने आपल्याला नेमून दिलेल्या प्रकरणाची एक वही करायची आणि त्या प्रकरणात मुले नेमकी कुठे चुकतात हे मुलांच्याच शब्दांत लिहायचे. जुन्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका यासाठी सोन्यासारख्या आहेत. त्या रद्दीत देऊ नयेत. ‘मुलांना लेंझचा नियम कळत नाही’ ही नोंद उपयोगाची नाही. ‘प्रेरित विद्युतधारेचे चुंबकीय क्षेत्र नेहमी चुंबकाच्या क्षेत्राच्या विरुद्ध दिशेने असते असे मुले लिहितात’ ही नोंद उपयोगाची आहे, कारण तिच्यातून चुकीचा उगम दिसतो. मुलांनी ‘विरोध’ हा शब्द पकडलेला असतो, पण विरोध क्षेत्राला नसून अभिवाहातील, म्हणजे कुंतलातून (तारेच्या वेटोळ्यातून) जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्रातील, बदलाला असतो हे निसटलेले असते. चुंबक कुंतलापासून दूर नेला की अभिवाह कमी होतो, आणि ती घट रोखण्यासाठी प्रेरित क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्राच्या दिशेनेच उभे राहते, हे त्यांना अजिबात पटत नाही.

एका प्रकरणासाठी अशा पाच ते आठ जागा पुरतात. नोंदी झाल्यावर गटाने एकत्र बसून त्या मोठ्याने वाचाव्यात. या बैठकीला शक्य असेल तर निवृत्त झालेल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना बोलवावे. तीस वर्षे पेपर तपासलेल्या माणसाला कोणत्या ओळीवर मुलांचा पाय घसरतो हे जितके पाठ असते, तितके कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. वर्गातील नजर जे पाहत होती, ते आता आधीच कागदावर आलेले असते, आणि ही वहीच पुढच्या पाचही आठवड्यांचा कच्चा माल आहे.

दुसरा आठवडा: भाषेची तयारी

या टप्प्याला अनेक ठिकाणी वगळले जाते, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान तिथेच होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी अकरावी विज्ञानाला येते तेव्हा पाठ्यपुस्तक एकदम इंग्रजी होते. दहावीत तिने ‘नालकुंतल’ शिकलेले असते, इथे सर ‘सोलेनॉइड’ म्हणतात. तिला ‘अपवर्तन’ माहीत असते, ‘रिफ्रॅक्शन’ ऐकून ती गोंधळते, आणि थोड्याच वेळात ‘डिफ्रॅक्शन’ आले की दोन्ही शब्द तिच्या मनात एकमेकांत मिसळतात. प्रत्यक्ष वर्गात ती शेजारणीला हळूच विचारते, “हे म्हणजे आपलं विद्युतचुंबकीय प्रवर्तनच ना?” आणि मान हलली की पुढे लिहू लागते. ऑनलाइन तासात शेजारीण नसते, आणि साठ जणांसमोर माइक सुरू करून शब्दाचा अर्थ विचारण्याचे धाडस फारच थोडी मुले करतात.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक प्रकरणासाठी दुहेरी शब्दांची एक पानभर यादी करावी. डाव्या बाजूला दहावीच्या पुस्तकातील मराठी शब्द, उजव्या बाजूला बारावीच्या पुस्तकातील इंग्रजी शब्द आणि त्यापुढे एका ओळीचा अर्थ, एवढे पुरे. मराठी शब्द बोर्डाच्या पुस्तकातलाच घ्यावा. शब्दकोशातून शोधलेला अवघड प्रतिशब्द मुलांनी कधी ऐकलेला नसतो. यादी तासाच्या आदल्या संध्याकाळी मुलांच्या हाती पडली पाहिजे. शिवाय शिक्षकांना एक सवय लावून घ्यावी लागते: नवा शब्द पहिल्यांदा उच्चारताना दोन्ही भाषांत म्हणायचा आणि पडद्यावर दोन्ही लिपींत लिहायचा. सवय साधी वाटते, पण जो शिक्षक पंधरा वर्षे एकाच रीतीने बोलत आला आहे त्याला ती अंगवळणी पडायला आठवडा लागतोच, आणि तो वेळ त्याला द्यावा.

तिसरा आठवडा: पाठटाचणाचे तीन रकाने

आता पाठटाचण लिहायला घ्यायचे. नेहमीच्या टाचणवहीत उद्दिष्टे, साहित्य, अध्यापन-कृती असे रकाने असतात. ऑनलाइन तासासाठी मी तीनच रकाने करायला सांगतो: मी काय बोलणार, पडद्यावर काय दिसणार, आणि त्या वेळी विद्यार्थ्याचा हात काय करणार. प्रत्येक ओळ चार-पाच मिनिटांची धरावी. पहिले दोन रकाने सगळे जण झरझर भरतात आणि तिसऱ्यात ‘ऐकणार’ असे लिहून मोकळे होतात. ज्या टाचणात ‘ऐकणार’ हा शब्द सलग दोन ओळींत आला, ते परत पाठवावे. हाताने आकृती काढणे, पर्याय निवडणे, पुढची एक पायरी लिहून तिचा फोटो पाठवणे, उत्तराचा अंदाज चॅटमध्ये टाकणे, यांपैकी काही तरी तिथे असलेच पाहिजे.

लेंझच्या नियमाचा एक तास जवळून पाहू. शिक्षकाने अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या नळीचा हातभर लांब तुकडा, नळीतून सैल जाईल असा निओडिमियमचा छोटा चुंबक, त्याच आकाराचा एक खडा आणि स्टीलची ताटली एवढे साहित्य घ्यावे. नळी उभी धरून प्रथम खडा सोडावा. ताटलीवर लगेच ‘टण्’ असा आवाज येतो. मग चुंबक हातात धरून मुलांना विचारावे की आता आवाज लवकर येईल, तेवढ्याच वेळात येईल की उशिरा येईल, आणि का. सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर लिहून ठेवायचे, पण शिक्षकाने सांगेपर्यंत पाठवायचे नाही. तसे केले नाही तर पहिल्या हुशार मुलाचे उत्तर पाहून बाकीचे तेच लिहितात. “आता पाठवा” म्हणताच चाळीस-पन्नास उत्तरे एकदम येतात, आणि त्यानंतर चुंबक सोडायचा. एक, दोन असे मोठ्याने मोजत राहायचे. चुंबक नळीतून रेंगाळत खाली येतो आणि मग आवाज होतो. नळीच्या आत काहीच दिसत नसल्याने हा प्रयोग कानांनी पाहायचा आहे, आणि इथे एक तांत्रिक अडचण आहे जी आधी ठाऊक असावी लागते: व्हिडिओ कॉलची बहुतेक अॅप्स बोलण्याव्यतिरिक्तचे आवाज गोंगाट समजून गाळतात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केली नाही, तर मुलांना ताटलीचा आवाज ऐकूच येत नाही.

प्रयोगानंतर पहिल्या आठवड्याच्या वहीतला प्रश्न विचारायचा. चुंबकाचा उत्तर ध्रुव कुंतलाकडे तोंड करून आहे आणि चुंबक दूर नेला जात आहे. कुंतलाची चुंबकाकडील बाजू कोणत्या ध्रुवासारखी वागेल? उत्तर, दक्षिण की कोणत्याच नाही? इथे हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत वापरावी. मुलांनी आधी एकट्याने मत नोंदवायचे. बरोबर उत्तर देणारे ३० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर संकल्पना पुन्हा समजावायची. ७० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचे. आणि या दोन्हींच्या मध्ये असतील तर मुलांना तीन-चारच्या गटांत एकमेकांशी बोलू द्यायचे आणि मत पुन्हा नोंदवून घ्यायचे. ऑनलाइन तासाला ही पद्धत इतकी चपखल बसते याचे कारण असे की चुकीचा पर्याय निवडणाऱ्यांची संख्या शिक्षकाला पडद्यावर दिसते, आणि तो पर्याय त्याने स्वतःच्या वहीतून, मुलांच्या खऱ्या चुकीवरून तयार केलेला असतो. ‘दक्षिण’ हे उत्तर आणि त्याचे कारण मुलांनी एकमेकांना आपल्या भाषेत सांगितले, की नियमाची व्याख्या लिहून द्यायला तीन मिनिटे पुरतात.

प्रत्येक शिक्षकाने या आठवड्यात असे निदान दोन पूर्ण तास लिहावेत. जास्त लिहून घेण्याचा मोह टाळावा. दोन तास नीट लिहिलेला शिक्षक उरलेले आपोआप तसेच लिहू लागतो.

चौथा आठवडा: साधने

साधनांबाबत माझा सल्ला असा की जे शिक्षकाच्या घरी आहे तिथूनच सुरुवात करावी. पेन टॅबलेट असेल तर उत्तम, पण त्यावर लिहिताना नजर पडद्यावर आणि हात टेबलावर असतो, आणि ही सवय व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. तोपर्यंत फोन आडवा करून कागदाच्या बरोबर वर टांगणे सर्वांत सोपे आहे. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांचे दोन ढीग आणि त्यांवर आडवी ठेवलेली फूटपट्टीची जोडी चालते. कागद आडवा धरावा, काळे स्केच पेन वापरावे आणि एका पानावर सात-आठ ओळींपेक्षा जास्त लिहू नये, कारण पलीकडे पाच-सहा इंचांच्या पडद्यावर ते वाचायचे असते. उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलटे करावे. पुढचा कॅमेरा वापरत असाल तर मुलांना चित्र आरशासारखे उलटे दिसत नाही ना, हे एकदा तपासावे. डाव्या-उजव्या हाताच्या नियमांच्या प्रकरणात उलट्या चित्राने किती अनर्थ होतो, हे वेगळे सांगायला नको.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चेहरा अस्पष्ट दिसला तरी मुले तास ऐकतात. आवाज तुटू लागला की ती पाच मिनिटांत निघून जातात. वायरचा साधा इअरफोन आणि त्याचाच माइक पुरतो, मात्र पंख्याचा वारा थेट माइकवर येऊ देऊ नये. डेटाचा हिशोबही शिक्षकांकडून एकदा करून घ्यावा. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालणारा व्हिडिओ तासाला ४५० मेगाबाइट, म्हणजे ४० मिनिटांच्या तासाला ३०० मेगाबाइट खातो. दिवसात असे चार तास झाले की १.२ गिगाबाइट संपले. रोज दीड गिगाबाइटचा रिचार्ज असलेल्या घरात बहीण-भाऊ एकच फोन वापरत असतील, तर दुसऱ्यासाठी काही उरत नाही. सेकंदाला ६४ किलोबिटचा नुसता आवाज मात्र तासाला २९ मेगाबाइटमध्ये भागतो. हा हिशोब समजलेला शिक्षक गरज नसताना स्वतःचा कॅमेरा सुरू ठेवत नाही आणि मुलांनाही ‘कॅमेरे सुरू करा’ असा आग्रह धरत नाही.

तासात दाखवण्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स विनामूल्य आहेत आणि त्यांतली अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. आलेखांसाठी ‘जिओजेब्रा’ आहे. शिक्षकाने दोनच साधने निवडावीत आणि ती डोळे मिटून वापरता येतील इतका सराव करावा. दर तासाला नवे अॅप दाखवणाऱ्या शिक्षकाची मुले भौतिकशास्त्राऐवजी अॅप शिकत बसतात.

ध्वनिचित्रफिती तयार करायच्या असतील तर त्या छोट्या असाव्यात. ‘एडएक्स’ या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ मुले सर्वाधिक लक्ष देऊन पाहतात, आणि तयार स्लाइडपेक्षा हाताने लिहीत समजावलेले त्यांना जास्त धरून ठेवते, असे त्यात आढळले. खडू-फळ्यावर वाढलेल्या आपल्या शिक्षकांना ही दुसरी गोष्ट आवर्जून सांगावी. आकर्षक स्लाइड करता येत नाहीत म्हणून अनेक जण उगाच खचलेले असतात, आणि सिद्धता एकेक ओळ लिहीत उलगडण्याचे त्यांचे कसब इथेही तेवढेच कामाचे आहे.

प्रात्यक्षिकांविषयी

यावर मला स्पष्ट बोलायचे आहे. मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर, सोनोमीटर ही प्रात्यक्षिके ऑनलाइन होत नाहीत. पडद्यावर जॉकी (तारेवर टेकवायची सरकती कळ) सरकवून शून्य विक्षेप मिळवता येतो, पण सैल झालेला जोड शोधून काढण्याची झटापट तिथे नसते, आणि प्रात्यक्षिक म्हणजे बऱ्याच अंशी ती झटापटच असते. त्यामुळे मुलांना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष आणण्याचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावेत, म्हणजे सुट्टीतले सलग तीन-चार दिवस मिळतात. ‘ओलॅब्ज’सारख्या आभासी प्रयोगशाळा त्यापूर्वीच्या उजळणीसाठी चांगल्या आहेत, त्यांच्या जोरावर जर्नल पूर्ण करून सही देऊ नये.

घरी करता येण्याजोगे प्रयोगही आहेत आणि शिक्षकांनी ते आधी स्वतः करून पाहावेत. दोऱ्याला जड नट बांधून ८० सेंटिमीटर लांबीचा दोलक केला, तर २० आंदोलनांना सुमारे ३६ सेकंद लागतात आणि त्यावरून गुरुत्वत्वरणाची किंमत बरीच जवळ येते. जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य अॅप फोनमधील संवेदकांचा उपयोग करून त्वरण आणि ध्वनी मोजते. हे प्रयोग गटाच्या बैठकीत करताना एका मॅडमना ३२ सेकंद मिळाले. त्यांनी लांबी गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत न मोजता सगळ्या दोऱ्याची मोजली होती. त्यांनी ती चूक लपवली नाही, उलट आपल्या पहिल्या तासात तीच मुलांपुढे ठेवून “माझं कुठे चुकलं?” असे विचारले. मला तो प्रयोग बरोबर आलेल्या आकड्यापेक्षा जास्त शिकवणारा वाटला.

पाचवा आठवडा: तालीम

तालीम एकमेकांसमोर घ्यायची आणि पूर्ण ४० मिनिटांची घ्यायची. ‘पहिली दहा मिनिटे दाखवतो, पुढचे तसेच’ हे चालवून घेऊ नये, कारण अडचणी पंचवीस मिनिटांनंतरच येतात. गटातील एक शिक्षक शिकवेल, एक जण साध्या फोनवर मोबाइल डेटा वापरून विद्यार्थी म्हणून बसेल, एक जण मधेच बाहेर पडून आठ मिनिटांनी परत येईल आणि उरलेले पहिल्या आठवड्याच्या वहीतील चुका मुद्दाम करतील. जो मधेच परत आला त्याला तासाचा धागा पुन्हा पकडता आला का, हे त्याला विचारावे. पकडता आला नसेल तर पडद्याच्या कोपऱ्यात ‘आपण कुठे आहोत’ हे एका ओळीत लिहून ठेवण्याची सवय शिक्षकाला लावावी.

साध्या फोनवर बसलेल्या सहकाऱ्याचे महत्त्व मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी एकदा मी प्रत्यावर्ती विद्युतधारेचे (एसी) समीकरण पूर्ण सोडवून दाखवले आणि तास संपल्यावर कळले की मुलांच्या पडद्यावर शेवटपर्यंत पहिलेच पान अडकलेले होते. पंचवीस मिनिटे एकही मूल बोलले नाही, कारण प्रत्येकाला वाटले की अडचण आपल्याच फोनची आहे. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक तासाला एक सहकारी विद्यार्थी म्हणून उपस्थित असतो. तो चॅटमधील शंका वेचतो, पडदा अडकला की मला फोन करतो, आणि माझ्याकडची वीज गेली तर तास ताब्यात घेऊन मुलांना तयार ठेवलेले गणित सोडवायला देतो. दोन शिक्षक एका तासाला गुंतवणे संस्थाचालकांना महाग वाटते. निदान पहिल्या सत्रापुरती तरी याची परवानगी विभागप्रमुखांनी मिळवावीच.

तालमीनंतरच्या चर्चेत ‘छान झाले’ हे मत घेऊ नये. पाहणाऱ्यांनी तीनच गोष्टी लिहून द्याव्यात: मला कुठे कळेनासे झाले, त्या क्षणी शिक्षकाला ते कळले का, आणि माझा हात किती वेळ रिकामा होता.

सहावा आठवडा: वह्या तपासणे, चाचण्या आणि संमती

बोर्डाच्या लेखी परीक्षेत गुण हस्तलिखित उत्तरांना आहेत, तेव्हा केवळ बहुपर्यायी फॉर्म भरून घेणारे मूल्यमापन अपुरे पडते. मुलांनी उत्तराचा फोटो पाठवायचा आणि शिक्षकाने त्यावर खुणा करून परत द्यायचा, ही वही तपासणीच आहे. तिचा भार मात्र आधी मोजावा. ६० मुलांच्या एका उत्तराला तीन मिनिटे धरली तरी १८० मिनिटे, म्हणजे सलग तीन तास जातात. दर आठवड्याला सगळ्यांचे सगळे तपासतो असा संकल्प दिवाळीपर्यंतही टिकत नाही. त्याऐवजी दर आठवड्याला २० मुलांचे एकेक उत्तर बारकाईने तपासावे, तीन आठवड्यांत फेरी पूर्ण करावी, आणि वारंवार दिसलेल्या चुकांचे एक पान, नावे न घालता, सगळ्यांना पाठवावे. फोटोच्या नावात हजेरी क्रमांक आणि प्रकरण लिहिण्याची शिस्त पहिल्याच दिवशी लावावी. साठ जणांचे निनावी फोटो शोधण्यात रात्र जाते.

नक्कल पूर्ण थांबवता येत नाही. हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक प्रश्नातील किमतीत घातला की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते, एवढी युक्ती बरीच उपयोगी पडते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे तीन मिनिटांची तोंडी परीक्षा. स्वतः लिहिलेल्या सिद्धतेतील एखाद्या पायरीवर बोट ठेवून “ही ओळ कशी आली?” असे विचारले, की समज आहे की नाही हे उघड होते, आणि बहुतेक वेळा मुलालाही ते तिथेच उमगते.

याच आठवड्यात पालकांची लेखी संमती घ्यावी. अकरावी-बारावीची बहुतेक मुले अठरा वर्षांखालील असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा ठेवली आहे. तास ध्वनिमुद्रित होणार का, मुलांचे आवाज आणि नावे त्यात येणार का, ती फीत कोण पाहू शकेल आणि किती दिवसांनी पुसली जाईल, हे पालकांना साध्या मराठीत कळवावे. मुलांची नावे दिसणारी फीत सर्वांसाठी खुली करू नये. मुलींचे खासगी क्रमांक साठ जणांच्या गटात उघडे पडतात हाही प्रश्न गंभीर आहे. केवळ शिक्षकच संदेश पाठवू शकेल अशी आणि क्रमांक इतरांना न दिसणारी सोय वापरावी.

तास सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे प्रत्येक शिक्षकाने रोज दोन गैरहजर मुलांच्या घरी फोन करायचा आहे. “का आला नाहीस?” असा सूर न लावता “काल कुठपर्यंत पोहोचलास?” असे विचारावे. फोन वडिलांसोबत शेतावर जातो, भावाची परीक्षा आहे, अंगणातल्या एकाच कोपऱ्यात रेंज येते, अशी खरी कारणे त्यातून कळतात, आणि अशा मुलांसाठी तासाची वेळ, ध्वनिमुद्रण किंवा छापील टिपण यांपैकी काय बदलायचे ते ठरवता येते. पहिले प्रकरण संपल्यावर गटाने पुन्हा एकत्र बसावे, सोबत पहिल्या आठवड्याची वही आणि मुलांनी पाठवलेली उत्तरे घ्यावीत, आणि वहीत न लिहिलेल्या ज्या चुका नव्याने दिसल्या, त्या वेगळ्या शाईने तिच्यात उतरवून मगच दुसऱ्या प्रकरणाचे टाचण लिहायला घ्यावे.